मंगळवारचं वेरूळ

वैजापूर,
६ ऑक्टोबर २०२५

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन मी मध्येच ठेवला, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. उजवा कान जवळजवळ गेलाच आहे आणि डाव्याला फोनमधलं अर्धंच कळतं. तू काय म्हणालीस ते ओळखण्यात माझा सगळा जीव जातो, उत्तर द्यायचं राहूनच जातं. म्हणून म्हटलं, आपण पत्रं लिहू. मोबाइलवरचे दोन-दोन ओळींचे निरोप मला आवडत नाहीत, त्यात माणूस दिसत नाही. इथून शेंद्र्याला पत्र तीन दिवसांत पोचतं, असं पोस्टातले गृहस्थ म्हणाले.

पाय बरा आहे. काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. जानेवारीत दौलताबादच्या किल्ल्यावर पडले तेव्हा वाटलं होतं की दिवाळीपर्यंत पुन्हा कामावर असेन. आता दिवाळी पंधरा दिवसांवर आली आणि डॉक्टर म्हणतात, पायऱ्या विसरा. तीस वर्षं जिने लोकांना पायऱ्याच चढवल्या तिला हे सांगताना तेही जरा अडखळले. सदाशिव आणि वहिनी माझं सगळं मायेने करतात. भावाचं घर आहे, तक्रार करायला जागा नाही. पण औरंगपुऱ्यातली माझी खोली सोडल्याची सवय होत नाही. तिथे सकाळी खाली रिक्षांचा गोंगाट सुरू झाला की मला जाग यायची. इथे कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समितीकडे जातात, त्यांनी येते.

हंगाम सुरू झाला असेल. माझे फ्रेंच पाहुणे आता तुझ्याकडे येतील. तुला घरी बसवून पाच वर्षं फ्रेंच शिकवलं ते याच दिवसासाठी. फक्त काही गोष्टी लक्षात ठेव. बीबीच्या मकबऱ्याला 'गरिबांचा ताजमहाल' म्हणायचं नाही, कुणी म्हटलं तरी हसायचं नाही. कैलास लेण्याला आधी समोरून जायचं नाही. बाजूच्या डोंगरावर न्यायचं आणि वरून दाखवायचं, म्हणजे ते वरून खाली कोरत आणलं हे न सांगताच कळतं. ही माझी पद्धत आहे, दुसरं कुणी असं करत नाही.

माझ्या जुन्या पाहुण्या, फ्रान्समधल्या लियोंच्या ओडिलबाई, दर वर्षी ऑक्टोबरात येतात. या वर्षी त्यांचं पत्र नाही. तुला काही कळलं तर कळव.

तुझी,
कालिंदी पाटणकर

*

शेंद्रा,
११ ऑक्टोबर २०२५

आदरणीय मॅडम,
सा. नमस्कार.

पत्र मिळालं. पोस्टमननं ते आबांच्या हातात दिलं. ते कंपनीच्या गेटवर ड्यूटीला निघाले होते. आमची जमीन एमआयडीसीत गेली तेव्हापासून घरी टपाल म्हणजे नोटीसच असते, म्हणून पाकीट बघून ते आधी घाबरले. तुमचं अक्षर दाखवलं तेव्हा शांत झाले. तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

माझं काम लई छान चाललंय. मागच्या आठवड्यात सहा जणांचा ग्रुप होता, सगळे निवृत्त शिक्षक. मी त्यांना मकबऱ्याआधी पाणचक्कीला नेलं. तिथं गर्दी कमी होती. डोंगरातून नळानं पाणी आणून त्यावर जातं फिरवायचे आणि आल्यागेल्या फकिरांसाठी दळण व्हायचं, हे सांगताना मी त्यांना आमच्या आजीचं सांगितलं. ती पहाटे दळायची आणि दळताना देवाशी भांडायची. त्यांना ते लई आवडलं. मग मकबऱ्यात मी म्हणाले की ताजमहाल नवऱ्यानं बायकोसाठी बांधला आणि हा मुलानं आईसाठी, तर दोघांची तुलना कशाला करायची. एक बाई रुमाल काढून डोळे पुसत होत्या.

वेरूळला मी त्यांना आधी वर नेलं आणि कैलास वरून दाखवला. सगळे वाकून वाकून बघत होते. खाली आल्यावर म्हणाले, ही कल्पना तुला सुचली कशी, आजवर आम्हाला कुणी एखादी जागा अशी दाखवली नाही.

आणि मॅडम, मुंबईच्या एजन्सीचे साहेब म्हणाले की पाहुणे आता नाव घेऊन मागतात, फ्रेंच ग्रुप असला की तूच हवीस.

ओडिलबाईंचं म्हणाल तर मला काही कळलं नाय. कळलं की लिहीन.

पायाची काळजी घ्या.

तुमची,
सायली

*

वैजापूर,
१६ ऑक्टोबर २०२५

चि. सायली,
आशीर्वाद.

तुझं पत्र सदाशिवने मोठ्याने वाचायला घेतलं होतं, मी त्याच्या हातातून घेतलं. बरं चाललं आहे हे वाचून समाधान वाटलं.

दोन गोष्टी लिहिते, राग मानू नकोस. पाणचक्कीपासून सुरुवात करणं मला पटलं नाही. आधी मोठी वास्तू, मग लहान, असा क्रम मी विचार करून ठरवला होता. आजीच्या दळणाची गोष्ट गोड असेल, पण पाहुणे सात हजार किलोमीटरवरून तुझ्या आजीला भेटायला येत नाहीत. गाइडने स्वतःला मागे ठेवायचं असतं.

दुसरं, पाहुण्यांनी विचारलं की ही कल्पना तुला कशी सुचली, तेव्हा तू काय उत्तर दिलंस ते पत्रात लिहिलं नाहीस. मी ते वाक्य दोनदा वाचलं.

तुला दिलेल्या माझ्या वह्यांपैकी दोन नंबरची, वेरूळची, परत पाठव. तुझं आता पाठ झालं असेल. मला चाळायला हवी आहे.

दिवाळीला वहिनी अनारसे करणार आहेत. तुझ्या घरी सगळ्यांना शुभेच्छा सांग.

कालिंदी पाटणकर

*

शेंद्रा,
४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मॅडम,
सा. नमस्कार.

वही कुरिअरनं पाठवली आहे. त्यातल्या बऱ्याच पानांची मी झेरॉक्स काढून ठेवली, सांगितलेलं बरं. मागच्या वेळी माझं चुकलं. त्यांनी विचारलं तेव्हा मी नुसती हसले, तुमचं नाव घ्यायला पाहिजे होतं.

आता एक मोठी बातमी आहे. तूलूजचं मंडळ येतंय. तुम्ही अकरा वर्षं ज्यांना नेलं तेच. साहेब म्हणाले की तब्येतीमुळं मॅडम नाहीत हे त्यांना कळवलंय आणि त्यांनी माझं नाव मागितलं. माझा आधीचा ग्रुप त्यांच्याच ओळखीचा निघाला. चौदा जण आहेत. मला आनंद झाला आणि भीतीही वाटते, कारण ते प्रत्येक गोष्ट तुमच्याशी ताडून बघणार.

म्हणून आराखडा तुम्हाला पाठवते, एकदा नजर टाका. आधी ते १६ तारखेला येणार होते. विमान बदललं, म्हणून सगळं एक दिवस पुढं सरकवलंय.

१७ नोव्हेंबर – सकाळी आगमन. दुपारी मकबरा, मग पाणचक्की. (तुमचाच क्रम ठेवलाय.)
१८ नोव्हेंबर – वेरूळ, पूर्ण दिवस. येताना दौलताबाद किल्ला खालून.
१९ नोव्हेंबर – अजिंठा, सकाळी सहाला निघणार.
२० नोव्हेंबर – सकाळी हिमरू शालींचं दुकान, दुपारी विमान.

काही चुकत असेल तर लगेच कळवा. हे नीट झालं की एजन्सी वर्षभराचं काम लेखी देणार आहे. तसं झालं तर आबांची गेटवरची ड्यूटी बंद करता येईल. त्यांना आता उभं राहवत नाय.

तुमची,
सायली

*

वैजापूर,
८ नोव्हेंबर २०२५

चि. सायली,
आशीर्वाद.

आराखडा पाहिला. अजिंठ्याला जाताना फर्दापूरच्या अलीकडे चहाला थांब, पलीकडे स्वच्छतागृह नीट नसतं. लेण्यांत बूट काढावे लागतात, तेव्हा नाडीचे बूट घालू नका असं आदल्या दिवशीच सांग, नाहीतर अर्धा तास नाड्यांत जातो. दौलताबाद खालून दाखवणार असशील तर मिनाराच्या बाजूने दाखव. वयस्क लोकांना खुर्च्या लागतात, दोन घडीच्या खुर्च्या बसमध्ये टाक.

हिमरूच्या दुकानात एक तासाहून जास्त नको.

बाकी ठीक.

कालिंदी पाटणकर

*

शेंद्रा,
२४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मॅडम,
सा. नमस्कार.

चार दिवस झाले, लिहायला बसते आणि उठते. आज लिहून टाकते.

१८ तारखेला वेरूळ बंद होतं. मंगळवार होता. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, हे तर तुम्ही मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. जुन्या आराखड्यात सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा होतं, ते बरोबर होतं. विमान बदललं तेव्हा मी सगळंच एक दिवस पुढं ढकललं. तारखा बघितल्या, वार बघितलाच नाय. एजन्सीतही कुणाच्या लक्षात आलं नाय.

आम्ही साडेनऊला पोचलो तेव्हा तिथं एकही बस नव्हती. ते बघून मी बस थांबायच्या आधीच उठून दाराशी गेले. गेटवरचा माणूस ओळखीचा आहे. त्यानं नुसतं कुलूप दाखवलं. मी परत बसमध्ये चढले आणि माइक हातात घेतला. एक क्षण वाटलं की सरकारी सुट्टी आहे, असं काहीतरी सांगावं. पण मग म्हणाले, "आज वेरूळ बंद असतं आणि हे मला माहीत असायला पाहिजे होतं. चूक माझी आहे." कुणी आरडाओरडा केला नाय. केला असता तर बरं झालं असतं. पुढं बसलेल्या एक बाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, "कालिंदी असती तर हे झालं नसतं." मला ऐकू गेलं.

मग त्यांना घृष्णेश्वराचं मंदिर दाखवलं. तिथून कागजीपुऱ्याला नेलं. तिथं हातानं कागद करतात, ते बघून थोडे खुलले. दुपारी दौलताबादला जे चढू शकत होते ते चढले. बुधवारी अजिंठा ठरल्याप्रमाणं झालं. गुरुवारी मी हिमरूचं दुकान काढून टाकलं आणि पहाटेच त्यांना वेरूळला नेलं, सहाला गेट उघडायच्या आधीच उभे होतो. अडीच तासांत फक्त कैलास दाखवला. जेवढं जमलं तेवढं केलं.

पण तेरा जण आले. चौदावे आले नाहीत. त्यांचं नाव मसिए बर्नार, वय एकोणऐंशी. मंगळवारी किल्ल्यावर उन्हात आणि धुळीत त्यांना त्रास झाला होता, बुधवारी ते कसेबसे अजिंठ्याला आले आणि रात्री ताप चढला. गुरुवारी पहाटे निघायच्या आधी मी त्यांच्या खोलीवर गेले तेव्हा ते कपडे करून पलंगावर बसले होते, बूटही घातलेले. उठता येत नव्हतं. दहा वर्षांपूर्वी ते बायकोबरोबर तुमच्या ग्रुपमध्ये आले होते, असं त्यांनी मला अजिंठ्याच्या बसमध्ये सांगितलं होतं. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. कैलासाच्या चौकात ती जिथं उभी होती तिथं एकदा उभं राहायचं, एवढ्यासाठी ते आले होते. अजिंठ्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

मी म्हणाले, "पुढच्या वर्षी या, मी स्वतः नेईन."

ते म्हणाले, "पोरी, पुढचं वर्ष माझ्या हातात असतं तर मी या वर्षी आलो नसतो."

एजन्सीनं डिसेंबरचे दोन्ही ग्रुप काढून घेतले. वर्षाच्या कामाचं आता कुणी बोलत नाय. आबा म्हणतात, होतं असं.

मॅडम, मी तुम्हाला आजारपणात हे तपासायला लावलं, त्याबद्दल माफी मागते. तुमच्या नजरेतून ते सुटलं याचा अर्थ तुम्हाला बरं वाटत नसणार, हे मला समजायला पाहिजे होतं. डोळे तपासून घ्या.

तुमची,
सायली

*

वैजापूर,
२९ नोव्हेंबर २०२५

सायली,

माझे डोळे चांगले आहेत.

तुझं ४ तारखेचं पत्र वाचताना मी १८ या आकड्यापाशी थांबले. भिंतीवरचं कॅलेंडर बघायची गरज नव्हती, तरी उठून बघितलं. मंगळवार. मग टेबलाशी बसले आणि तुला बुटांच्या नाड्यांबद्दल लिहिलं.

पत्र वहिनींनी पोस्टात टाकलं. त्यानंतर नऊ दिवस होते. हिमांशूला सांगून एक फोन करता आला असता, सदाशिवचा हा मुलगा शेजारच्याच खोलीत असतो. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. रोज दुपारपर्यंत ते वाटणं मावळायचं.

मला काय हवं होतं तेही लिहिते, कारण अर्धं लिहून उपयोग नाही. तू त्या गेटपाशी उभी राहावीस, चौदा माणसांनी तुझ्याकडे बघावं आणि कुणीतरी म्हणावं, कालिंदी असती तर. अगदी हेच शब्द, सायली. ते तुझ्या पत्रात वाचले तेव्हा आधी मला बरं वाटलं. पुढच्या चार ओळींनंतर बर्नार यांचं नाव आलं.

ते आणि सिमोन मला नीट आठवतात. सिमोनला पायऱ्यांची भीती होती. वरच्या वाटेने ती आली नाही, खाली चौकात दगडी हत्तीजवळ एकटी उभी राहिली, आणि वरून बर्नार तिला हाका मारत होते. आम्ही सगळे हसत होतो. तो हत्ती सोंड तुटलेला आहे. तिथेच त्यांना उभं राहायचं असणार. ते या वेळी ग्रुपमध्ये आहेत हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी फोन केला असता, असं मला वाटतं. पण त्यामुळे मी काही कमी वाईट ठरत नाही. बाकीच्या तेरा जणांचं काय?

तुला मी शिकवलं, आणि तू शिकलीस हेच मला सोसलं नाही. तू पाणचक्कीत आजी आणलीस तेव्हा मला कळलं होतं की हे माझ्यापेक्षा चांगलं आहे. तीस वर्षं मी तिथे पाण्याची उंची आणि नळांची लांबी सांगत आले. कुणी कधी डोळे पुसले नाहीत.

एजन्सीला मी आजच लिहिलं आहे की आराखडा तुझ्या वरिष्ठ गाइडने तपासून योग्य म्हटला होता आणि चूक माहीत असून सांगितली नाही. खाली माझं नाव आणि लायसन्स नंबर घातला आहे. बर्नार यांनाही लिहीन. तुझ्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवत नाही.

कालिंदी

*

शेंद्रा,
२० डिसेंबर २०२५

मॅडम,

तुमचं पत्र कुणाला दाखवलं नाय. आबांनी दोनदा विचारलं, मी म्हणाले तब्येतीचं लिहिलंय.

तीन आठवडे मी तुमच्यावर एवढी चिडले होते की स्कूटीवरून जाताना एकटीच बोलत होते. ती सगळी झेरॉक्स चुलीत घालायला काढली होती. मी स्वतःला मूर्ख म्हणत होते, मॅडम. आईसमोर म्हणत होते की शेतकऱ्याच्या पोरीनं शेतातच राहायला पाहिजे होतं, ती आता शेतं उरली नाहीत तरी. आणि तुम्ही तिकडं सगळं माहीत असून बसला होता. हे मी विसरणार नाय. विसरले असं खोटं लिहिणार नाय.

पण एक गोष्ट मलाही सांगायची आहे. ती न सांगता तुमच्यावर चिडत राहिले तर मला झोप लागायची नाय.

ओडिलबाई आल्या होत्या. तुम्ही पहिल्या पत्रात विचारलं त्याच्या चारच दिवस आधी, दसऱ्याला. तीन दिवस माझ्याबरोबर होत्या. मकबऱ्यात, अजिंठ्यात, जेवताना, सगळीकडं एकच. कालिंदी इथं असं म्हणायची, कालिंदी इथं थांबायची, कालिंदीचा उच्चार किती स्वच्छ. मी एक वाक्य बोलले की त्या माझ्या तोंडाकडं बघत आणि मागं कुठंतरी तुम्हाला शोधत. शेवटच्या दिवशी त्यांनी तुमचा पत्ता मागितला. तुम्ही वैजापूरला आहात एवढं त्यांना एजन्सीत कळलं होतं, टॅक्सीनं जाऊन येते म्हणाल्या. मी म्हणाले, मॅडम तिथून नातेवाइकांकडं लांब गेल्यात, कुणाला भेटत नाहीत आणि पत्ता माझ्याजवळ नाय.

त्या रडल्या. मग विमानतळावर बसून त्यांनी तुम्हाला पत्र लिहिलं आणि माझ्याजवळ दिलं की कधी भेट झाली तर दे. ते मी कपाटात ठेवलं होतं. सोबत पाठवते. उघडलेलं नाय.

एजन्सीच्या साहेबांचा फोन आला होता. तुमच्या पत्राचं बोलले. फेब्रुवारीत एक ग्रुप देऊन बघतो म्हणाले. वर्षाचं अजून नाय. आबा गेटवरच जातात.

सायली

*

वैजापूर,
२७ डिसेंबर २०२५

चि. सायली,

ओडिलचं पत्र वाचलं. पुढच्या वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन आहे, त्यानंतर प्रवास जमेल की नाही सांगता येत नाही, असं लिहिलं आहे. टॅक्सीने ती इथे आली असती. वहिनींनी तिला पुरणपोळी वाढली असती. तुझा मला फार राग आला. संध्याकाळी मनात दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या आणि माझी जास्त वजनदार निघाली. ओडिलला मी उत्तर लिहिलं आहे. तुझ्याबद्दल एवढंच लिहिलं की पत्र उशिरा मिळालं.

बर्नार यांचंही उत्तर आलं. ईमेल आहे, हिमांशूने छापून दिला. मी केलं ते सगळं त्यांना खरं लिहिलं होतं. त्यांनी क्षमा केली असं म्हटलेलं नाही, केली नाही असंही नाही. तब्येत आता बेताची आहे, घराबाहेर पडत नाहीत. एकच मागणं आहे. सकाळच्या वेळी चौक कसा दिसतो ते कुणीतरी तिथे उभं राहून लिहून पाठवावं, कारण बाकीचे तेरा जण त्यांना तेवढं सांगू शकले नाहीत. सगळे म्हणतात, फार सुंदर होतं.

मी तीस वर्षं पाहुण्यांना नाश्ता झाल्यावर नेत आले. सकाळी सातचं वेरूळ मी एकदाही पाहिलेलं नाही. तू पाहिलं आहेस. मला तिथे घेऊन जाशील का? गाइड म्हणून. तुला कामावर असताना मी कधीच ऐकलेलं नाही.

कालिंदी

*

शेंद्रा,
३ जानेवारी २०२६

मॅडम,

शुक्रवारी १६ तारखेला या. वार बघितलाय. साडेसहाला गेटपाशी उभी असेन. वरच्या वाटेनं तुम्हाला नेणार नाय, खाली चौकात खुर्ची ठेवते. शाल आणा, तिथं सकाळी लई गार असतं. कानाचं मशीन घालून या. मी तुमच्यासाठी मोठ्यानं बोलणार नाय, पाहुण्यांशी बोलते तसंच बोलेन.

सायली

*

वैजापूर,
१९ जानेवारी २०२६

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी परतताना मी तुझ्याशी धड बोलले नाही. हिमांशूला वाटलं, दमले. तू हात धरून गाडीत बसवलंस आणि मी नुसती मान हलवली. ते आज लिहिते.

तू मला सोंड तुटलेल्या हत्तीजवळ बसवलंस आणि पंधरा मिनिटं काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, घाबरली आहे, सुरुवात विसरली. मनातल्या मनात मी तुला पहिलं वाक्य सुचवायलाही लागले होते. तेवढ्यात मागच्या डोंगरावरून ऊन आलं आणि फक्त शिखराच्या टोकावर पडलं. तेव्हा तू फ्रेंचमध्ये म्हणालीस, "आता बघा. ज्या क्रमाने छिन्नी उतरली त्याच क्रमाने ऊन उतरतं." आणि ते तसंच उतरलं. शिखर, मग छप्पर, मग खांब, मग भिंतीवरचे देव. आपण दोघी खाली सावलीत होतो, जसे ते खोदणारे शेवटपर्यंत सावलीत असतील. तू म्हणालीस की वरच्यांना आपण काय करतोय हे दिसत होतं, पण खाली काय निघणार आहे ते पाहायला त्यांच्यातले बरेच जण उरले नसतील. मग तू म्हणालीस, सिमोन इथे उभी असणार, कारण इथूनच वरचा माणूस दिसतो.

तुझ्या फ्रेंचमध्ये तेव्हा दोन चुका झाल्या. एक क्रियापद चुकलं आणि 'छिन्नी'चं लिंग चुकलं.

मी लोकांना डोंगरावर चढवून जे समजावत होते ते तू मला खुर्चीत बसवून दाखवलंस. कुठल्याही वहीत हे नाही. माझ्या वह्यांत तर नाहीच. इतका हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता, म्हणून गाडीत बोलता आलं नाही. तो अजूनही आहे. पत्र लिहून तो जाईल असं वाटलं होतं, गेलेला नाही. पण या वेळी तो मी तुझ्यापासून लपवत नाही, आणि त्याने माझं काही अडत नाही, असं दोन दिवसांत लक्षात आलं.

घरी आल्यावर तू बोललीस ते सगळं आठवून बर्नार यांना लिहून काढलं. चार पानं झाली. कुठे उभं राहायचं, ऊन कुठून कुठे जातं, सिमोनच्या जागेवरून वर काय दिसतं, सगळं तुझ्याच शब्दांत. ते दोन शब्द दुरुस्त करायला मी पेन उचललं होतं. मग खाली ठेवलं. तू बोललीस तसंच पाकिटात घातलं आणि खाली तुझं नाव लिहिलं.

आज सकाळी स्वतः काठी टेकत पोस्टात जाऊन टाकून आले.

तुझी,
कालिंदी